ठिपके मशीनचे, रेघा बायांच्या : वर्धा जिल्ह्यातल्या एका भिंतीचं प्रकरण

भिंत जिल्हा परिषद शाळेची, पण तिचं तोंड एसटी थांब्याकडे. म्हणून ती शाळेपेक्षा गावाची जास्त. निवडणूक आली की तिच्यावर चिन्हं उमटतात, मृग जवळ आला की बियाण्यांच्या जाहिराती, एरवी स्वच्छतेचं एखादं घोषवाक्य. या भिंतीवर रोबोटच्या मदतीने गावाने मिळून चित्र काढायचं, असं शाळेतल्या एका शिक्षकांनी आणि आम्ही बाहेरच्या काही जणांनी ठरवलं. आखणी सरळ होती: मुलं कागदावर चित्रं काढतील, मशीन ती भिंतीवर मोठी करेल, गाव रंग भरेल. भिंतीवर शेवटी जे उभं राहिलं ते या आखणीच्या जवळजवळ उलटं. ते तसं का झालं, त्याचं हे टिपण. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही. वर्धा नदीच्या अलीकडचं, कापूस, सोयाबीन, तुरीचं गाव, एवढं पुरे.

मशीन

थांब्यावरच्या मंडळींचा पहिला प्रश्न होता, "रोबोट कुठी हाय?" हातपाय असलेलं, दिवे लुकलुकणारं काहीतरी येणार अशी अपेक्षा. आम्ही लावलं ते असं: भिंतीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत एकेक स्टेपर मोटर (मोजून पावलं टाकत फिरणारी), प्रत्येक मोटरवरून खाली आलेला दातेरी पट्टा, आणि दोन्ही पट्ट्यांना मिळून टांगलेली पेन धरणारी पेटी. पट्टे आखूड-लांब झाले की पेटी भिंतीवर हवी तिथे सरकते. पेन भिंतीला टेकवायला आणि उचलायला एक छोटी सर्व्हो मोटर. या सगळ्याला हुकूम देणारा आर्डुइनो बोर्ड, म्हणजे एक छोटासा संगणकच. गावातल्या गवंडीकाकांनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "दोन दोऱ्याचा ओयंबा हाय हा." ओयंबा म्हणजे ओळंबा. याहून नेमकं वर्णन मला आजवर कुठल्या माहितीपुस्तिकेत सापडलेलं नाही.

ही रचना नवी नाही. युर्ग लेनी आणि उली फ्रांके यांनी २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये 'हेक्टर' नावाचं असंच टांगतं यंत्र केलं होतं. त्याच्या पेटीत पेनाऐवजी रंगाचा स्प्रे होता. त्यानंतर जगभरच्या हौशी लोकांनी याच्या शेकडो आवृत्त्या केल्या, आणि भाग स्वस्त झाल्यामुळे आता शाळेलाही ते जमतं.

गणित दहावीच्या पुस्तकातलं. समजा दोन मोटरींमधलं अंतर ४ मीटर आहे आणि पेन बरोबर मध्ये, मोटरींच्या रेषेपासून दीड मीटर खाली न्यायचं आहे. मग एका बाजूला २ मीटर आणि १.५ मीटर असा काटकोन झाला, म्हणून प्रत्येक पट्टा अडीच मीटर सोडायचा. पायथागोरस. मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, २० दात्यांची पुली फेऱ्यामागे ४० मिलिमीटर पट्टा सोडते, म्हणजे एका पावलाला ०.२ मिलिमीटर. कागदावर हे फार अचूक दिसतं. भिंतीवर दोन अडचणी येतात. पेटी जितकी वर जाते तितके पट्टे आडवे होत जातात आणि त्यांच्यावरचा ताण झपाट्याने वाढतो, म्हणून मोटरींखालचा भिंतीचा हातभर भाग मशीनच्या आवाक्याबाहेरच राहतो. आणि खालच्या दोन कोपऱ्यांत एक पट्टा जवळजवळ सैल पडतो, तिथे रेघ हलते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि पुढचं सगळं तिच्यावर फिरलं: हे मशीन आंधळं आहे. पेन कुठे आहे ते त्याला दिसत नाही. किती पावलं टाकली एवढंच ते मोजत राहतं. मोजणी चुकली की ते बिनधास्त चुकीच्या जागी चित्र काढतं.

कोणाचं चित्र

ग्रामसभेत विषय ठेवला तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत बाबासाहेबांचं नाव आलं, मग शिवरायांचं, मग तुकडोजी महाराजांचं आणि गाडगेबाबांचं. मोझरी आणि शेंडगाव, दोन्ही शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, त्यामुळे ही नावं इथे नुसती पुस्तकातली नाहीत. भिंत एक, नावं चार. कोणाचा चेहरा किती मोठा, कोणाचा डावीकडे, कोणाचा थांब्यासमोर, यावर आवाज चढू लागले. तेव्हा एका बुजुर्गांनी विचारलं, "मशीन मधातच बंद पडली, अन् अर्धा चेहरा रातभर भिंतीवर राह्यला, त सकायी काय होईन? इचार करा न बाप्पा."

सभा शांत झाली. चेहरे नकोत, असं एकमताने ठरलं.

ठरावाच्या वहीत हे 'एकमत' म्हणून नोंदलं आहे, पण मला ते तसं म्हणवत नाही. भांडण मिटलं नाही, मशीनच्या बेभरवशाचा आडोसा घेऊन ते टाळलं गेलं. आडोसा उपयोगी पडला, हे खरं. माणसाने नकार दिला असता तर तो कोणत्या बाजूचा, हे लगेच विचारलं गेलं असतं. मशीनला बाजू नव्हती.

मग मुलांची चित्रं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोट्टे लाकडी बैल सजवून घेऊन फिरतात; त्यामुळे आलेल्या चित्रांत बैलच बैल. फोटो काढून ते इंकस्केपमध्ये घातले. इथे पहिली गंमत झाली. या सॉफ्टवेअरची नेहमीची सोय रेघेच्या मधून जात नाही, ती रेघेच्या दोन्ही कडा पकडते. पेन्सिलची एक जाड रेघ मशीनला दोन रेघा म्हणून मिळते. भिंतीवर चाचणीचा छोटा बैल उतरला तो दुहेरी, आतून पोकळ. ज्या पाचवीतल्या मुलीचा तो होता तिने जवळ जाऊन बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "माह्या बैलाले दोन दोन कातडे कायचे?"

मधली रेघ काढायची वेगळी सोय आहे, ती वापरून बैल सुधारला. मुलीला तो तरी पटला का? तिचं म्हणणं, कागदावर तिने शिंग दाबून काढलं होतं, पाय हलके. भिंतीवर सगळं सारखंच. बरोबर होतं ते. पेनला दाब नसतो.

वशिंडापासून जमिनीपर्यंत

मोठा बैल काढायला घेतला तो संध्याकाळी, कारण दुपारी भिंत इतकी तापायची की मार्करची निब वाळायची. पाठीची रेघ होऊन वशिंडाचा उंचवटा पूर्ण होत होता आणि गावठाणाची लाइन गेली. स्टेपर मोटरचा वीजपुरवठा थांबला की तिची पकडही सुटते. पेटी स्वतःच्या वजनाने खाली घसरली, आणि पेन टेकलेलंच असल्यामुळे वशिंडापासून जमिनीपर्यंत एक वाकडी पांढरी रेघ ओढत गेली. लाइन परत आली तेव्हा मशीनच्या हिशेबी पेन अजून वशिंडावरच होतं. आमचं लक्ष जाईपर्यंत बैलाचं शेपूट भिंतीच्या पायथ्याशी उगवलं होतं.

थांब्यावर हशा पिकला. त्या दिवसापासून भिंतीला 'शेपटीची भिंत' म्हणायला लागले.

उपाय गावातच निघाला. कपाशीवर फवारणी करायचे पाठीवरचे बॅटरी पंप घराघरात आहेत आणि त्यांची बॅटरी १२ व्होल्टची असते. मशीनलाही तेवढंच लागतं. फवारणी नसताना पंप खुंटीवरच असतो, त्यामुळे बॅटरी मिळायला अडचण पडली नाही. लाइनवरचं अवलंबून राहणं संपलं. शिवाय प्रत्येक पट्ट्याच्या मोकळ्या टोकाला प्रतिवजन बांधलं, म्हणजे मोटर सुटली तरी पेटी घसरत नाही. तरीही पुढे कधी बॅटरी बसली, कधी वायर निघाली, की मोजणी गेलीच. रेघ मध्ये तुटली की ती बिनखोट जोडणं या मशीनला जमत नाही, जोडापाशी रेघ जराशी सरकून खांदा पडतो आणि तो उन्हात दिसतो.

वावरातून येता येता

शेपटीचा बैल तसाच होता तेव्हाची गोष्ट. वावरातून परतणाऱ्या बाया थांब्यापाशी थोडं टेकून पुढे जातात. त्यातल्या एक काकू, बचत गटाच्या, मशीन चाचणीच्या रेघा कशी मारते ते बराच वेळ पाहत होत्या. मग शिक्षकांना म्हणाल्या, "मास्तर, रेघ ओढाचं काम मशीनले कायले देता? तिची रेघ मेली हाय. ठिपके टाकाले द्या न तिले. रांगोयी आमी काढतो."

दुसरी लगेच म्हणाली, "अवं, ठिपक्यातच त जीव जाते."

ज्याने ठिपक्यांची रांगोळी काढली आहे त्याला हे सांगायला नको. 'पंधरा ते आठ' म्हणजे मधली ओळ पंधरा ठिपक्यांची, मग वर आणि खाली चौदा, तेरा करत आठपर्यंत. एकूण १६९ ठिपके. प्रत्येक ओळ आधीच्या दोन ठिपक्यांच्या मध्यावर. एक ओळ जरा तिरकी गेली की शेवटी रेघा जुळत नाहीत आणि सगळं पुसावं लागतं. म्हणूनच वर्तमानपत्राला उदबत्तीने भोकं पाडून त्यावरून रांगोळी फिरवायची युक्ती घराघरात आहे. ठिपके हे मोजमापाचं, कंटाळ्याचं काम, आणि ते यंत्राकडे सोपवायची ही सवय आमच्या मशीनच्या कितीतरी आधीची.

ठिपक्यांच्या रांगोळीचं गणित विद्वानांनीही मांडलेलं आहे. मद्रासमधल्या गिफ्ट शिरोमणी, रानी शिरोमणी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली तमिळ कोलमसाठी, म्हणजे तिकडच्या रांगोळीसाठी, संगणकशास्त्रातलं व्याकरण, आकृती घडवायचे नियम, लिहिलं. काकूंना ते माहीत असायचं काही कारण नाही. त्यांचं म्हणणं कामाच्या वाटणीचं होतं, आणि ते या मशीनच्या स्वभावाशी इतकं चपखल बसलं की आम्ही दुसऱ्या दिवशी बैलाची फाइल बंद केली.

का चपखल, ते सांगतो. ठिपका एकटा असतो. मोजणी गेली तर पेन हाताने शेवटच्या ठिपक्यावर नेऊन ठेवायचं, मशीनला 'इथून पुढे' सांगायचं, खांदा दिसायचा प्रश्नच नाही. चालताना पेटी झुलते आणि त्यामुळे रेघ थरथरते, पण ठिपक्यापाशी ती थांबते, झोका जिरेपर्यंत सेकंदभर वाट पाहते, मग पेन टेकवते. गिलाव्यात खड्डा असेल तर रेघ तुटते, ठिपका जरा फिका येतो इतकंच. मशीनची जी जी खोड रेघेत दिसत होती ती ठिपक्यात लपली.

भिंतीवर पंधरा ते आठ

भिंतीला आधी गेरूच्या रंगाचा बाहेरच्या भिंतीचा इमल्शन दिला. चुना असता तर मार्करची निब चुन्याच्या भुकटीने लगेच बुजते. ठिपक्यांमधलं अंतर १२ सेंटीमीटर धरलं. ओळींमधलं अंतर त्याच्या ०.८६६ पट, म्हणजे १०.४. एक रांगोळी साधारण १६८ सेंटीमीटर रुंद झाली, एका टांगणीत, म्हणजे मशीन एकदा टांगलं की, दोन बसल्या. एका रांगोळीचे ठिपके टाकायला मशीनला वीसेक मिनिटं लागायची. दोन्ही मोटरी एका पातळीत हव्यात, त्यासाठी गवंडीकाकांनी त्यांची पाण्याची पारदर्शक नळी आणली. आमच्या फोनमधलं पातळी दाखवणारं ॲप त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

एका पोराचा मात्र हिरमोड झाला. नववीतला, जवळच्या हायस्कुलातल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये जाणारा, आमचा मशीन सांभाळणारा मुख्य माणूस तोच. त्याला बैल काढणारा रोबोट हवा होता. "नुसते ठिपकेच टाकाचे त मंग रोबोट कायचा?" असं तो तोंड पाडून म्हणाला. पण बैलाच्या वेळी फाइल कुठून कशी तयार होते हे त्याला कळत नव्हतं, सॉफ्टवेअर देईल ते तो मशीनला चारत होता. ठिपक्यांचा प्रोग्रॅम म्हणजे एकात एक दोन लूप: ओळ मोज, ओळीतले ठिपके मोज. तो त्याने स्वतः लिहिला, आठ ते पंधरा ते आठ असा उतार-चढ बसवायला धडपडला, आणि बसवला. शिकण्याच्या दृष्टीने कोणती अवस्था बरी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याच्या मनात अजून आहे.

रेघांचं काम संध्याकाळी, वेचणी सरल्यानंतरच्या दिवसांत. ब्रशने बायांना जमेना. रांगोळी चिमटीतून सुटते, तिला वेग असतो. ब्रश भिंतीवर अडखळतो आणि ओघळ येतो. एकीने दुधाच्या पिशवीचा मेंदीसारखा कोन केला, त्यात पाणी न घालता घट्ट पांढरा रंग भरला, टोक सुईएवढं कापलं, आणि उभ्या भिंतीवर एका दमात सहा ठिपके जोडले. रेघ जराशी उठावाची आली. ती बोटाला लागते. मग सगळ्यांनी पिशव्या धुऊन आणल्या.

कोणी कुठली रांगोळी काढायची? आमच्या डोक्यात घरटी वाटणी होती. बायांनी ती मोडीत काढली, कारण मग थांब्यासमोरची जागा कोणाची हा प्रश्न परत उभा राहिला असता. त्यांनी ठरवलं: एका रांगोळीला दोघी, आणि दोघी एकाच मोहल्ल्यातल्या नकोत. बुद्धविहाराच्या बाजूची एक तर मारुतीच्या देवळाकडची एक. हे समतेसाठी ठरलं असं मी लिहिणार नाही. मी एकीला विचारलं तेव्हा उत्तर आलं, "एकाच मोहल्ल्यातल्या असल्या त चुकलं तरी कोनी बोलनार नाई." मध्यरेषेवर दोघींच्या रेघा भेटतात, ठिपके तेच, पण कमळ की गोलाई हे तिथे एकमेकींना विचारावंच लागतं. एका जागी जमलं नाही. तिथे डाव्या बाजूला कमळाच्या पाकळ्या आहेत आणि उजवीकडे नुसतं चौकडीचं जाळं. त्या दोघींनी ते तसंच ठेवलं, आणि मला ती रांगोळी भिंतीवरची सगळ्यात आवडती आहे.

टांगणी बदलली की पुढचे ठिपके बोटभर इकडे-तिकडे यायचे. एवढ्या मोठ्या भिंतीवर दर वेळी मोटरी अचूक त्याच जागी बसत नाहीत. मशीनपुरता तो दोष. बायांनी त्या सांध्यावर रेघ किंचित वळवून नेली, आणि सांधा कुठे आहे हे मला आता दाखवावं लागतं.

षटकोनी रांगोळ्या शेजारी-शेजारी आल्या की वर आणि खाली त्रिकोणी जागा उरतात. तिथे मुलांनी स्वतःच्या हाताने बैल काढले. पाचवीतल्या त्या मुलीने शिंग दाबून काढलं.

मग मशीन हवंच कशाला होतं

हा प्रश्न आम्हाला बाहेरच्यांनी नाही, गवंडीकाकांनी विचारला. नीळ लावलेलं सूत भिंतीवर ताणून फटकारलं की सरळ रेघ उमटते. आडव्या आणि तिरक्या रेघा मारून ठिपके त्यांनी दिवसभरात दिले असते. खरं आहे. तांत्रिकदृष्ट्या या भिंतीला रोबोट लागत नव्हता.

केन गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये 'टेलीगार्डन' केलं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात, नंतर ऑस्ट्रियातल्या लिंझला, २००४ पर्यंत, जगभरातले लोक इंटरनेटवरून एक रोबोट-हात चालवून एकाच वाफ्यात बी लावत, पाणी घालत. तिथे रोबोट लागतच होता, कारण माणसं दूर होती आणि वाफ्यापाशी तोच एक हात होता. आमच्याकडे सगळे हात भिंतीपासून दहा पावलांवर. प्रश्न हात पोचण्याचा नव्हता, तिथे उभं राहण्याचा होता.

एसटी थांबा ही पुरुषांची जागा. बायका तिथे गाडीची वाट बघतात, बसत नाहीत. अंगणात रोज सकाळी रांगोळी काढणारी बाई थांब्यासमोर शिडीवर चढून तास-दोन तास रंग लावेल, हे नुसत्या 'महिलांनी भिंत रंगवावी' अशा आवाहनाने झालं नसतं. मशीनमुळे झालं. मशीन चालू असलं की सगळेच जमायचे, बघणारे पुरुष शिडी धरायचे, बॅटरी बदलायचे, आणि ठिपके पडले की पुढचं काम कोणाला येतं हे उघड होतं. मशीनने जागा मोकळी करून दिली, हे त्याचं काम. रेखाटन दुय्यम.

म्हणूनच अशा प्रकल्पांच्या अहवालांत 'लोकसहभाग' म्हणून जे छापलं जातं त्यावर माझा आक्षेप आहे. कोणीतरी आधीच काढलेल्या बाह्यरेषेत रंग भरायला लोकांना बोलावणं, हा सहभाग नाही, ती मजुरी आहे, आणि बहुधा बिनपैशाची. आमच्या मूळ आखणीतही गावाच्या वाट्याला रंग भरणंच होतं.

पैशाचं थोडक्यात. मोटरी, पट्टे, बोर्ड नागपूरहून आणले, लॅबमध्येही काही होतं. रंग वर्गणीतून. ग्रामपंचायतीने ठराव दिला, पैसे दिले नाहीत, आणि आम्ही मागितलेही नाहीत. बायांच्या संध्याकाळचे पैसे कोणी दिले नाहीत, ही बाब हिशेबात कुठेच दिसत नाही. पुढच्या वेळी ती दिसायला हवी.

वरचा पट्टा

मशीन पोचत नव्हतं तो मोटरींखालचा भिंतीचा हातभर पट्टा रिकामा राहिला होता. पंचायतीला तिथे पदाधिकाऱ्यांची नावं हवी होती, शाळेला शाळेचं नाव, बायांना वेल. यावर पुन्हा बैठक झाली, आणि या वेळी मशीनचा आडोसा कोणालाच नव्हता. शाळेचं नाव थांब्याच्या टोकाला आलं, बाकी लांबीवर वेल. पदाधिकाऱ्यांची नावं आली नाहीत. ती का आली नाहीत याची दोन वेगवेगळी कारणं मी दोन वेगवेगळ्या ओसऱ्यांवर ऐकली आहेत.

शेजारच्या गावाने मशीन मागितलं आहे, त्यांना त्याच्याकडून मोठा चेहरा काढून हवा आहे. आम्ही दिलं. आधी ठिपके टाकून बघा, असं नववीतल्या त्या पोरानेच त्यांना बजावलं. मोटरी, पट्टे, मेमरी कार्ड सगळं तिकडे गेलं. फक्त पाण्याची नळी गवंडीकाकांनी दिली नाही, ती रोज लागते म्हणाले.